कुणाची गं तू?

आमच्या घरी कोलंबी आली की अम्मी विळी घेऊन बसायची. डोकं मोडायचं, टरफल सोलायचं, पाठीला हलकी चीर देऊन आतला काळा दोरा ओढून काढायचा, मग हळद-मीठ लावून बाजूला ठेवायचं. तासभर हे काम चालायचं. कालवणाला उकळी फुटली की ती मला हाक मारायची, "जरा मीठ बघून जा रे." पळीतला थेंब तळहातावर घेऊन मी चाखायचो आणि "अजून चिमूटभर" किंवा "बरोबर आहे" असा निकाल द्यायचो. सात-आठ वर्षांचा असल्यापासून हे खातं माझ्याकडे होतं. कारण अम्मी स्वतः कोलंबी खात नव्हती.

अम्मी सोलापूरकडची. अब्बा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. सुन्नी मुसलमानांत धर्मशास्त्राच्या चार परंपरा आहेत. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी परंपरेचे, तर आम्ही कोकणातले शाफई. नमाज, रोजा सगळं एकच, पण बारीकसारीक बाबतीत फरक. त्यातला एक फरक थेट ताटात येतो. शाफई मताप्रमाणे समुद्रातले बहुतेक जीव खायला चालतात. हनफी मताप्रमाणे पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा चालतो. त्यामुळे हनफी घरात कोलंबीचा प्रश्न निघाला की तो एका वाक्यावर येऊन थांबतो: कोलंबी मासा आहे का? यावर हनफी विद्वानांतही एकमत नाही. काही म्हणतात, लोकांच्या बोलीत तिला मासाच म्हणतात, तेव्हा चालेल. काही म्हणतात, ती मासा नाही, तेव्हा टाळावी. अम्मीच्या माहेरी टाळायचे. तिनंही टाळली.

अब्बा तिला चिडवायचे. "बाजार मासळीचा, विकणारी मासेवाली, आली समुद्रातून. मासा नाही तर काय?" अम्मी म्हणायची, "मासळीबाजारात बर्फही विकतात. तो काय मासा?" यावर अब्बांकडे उत्तर नसायचं. ते मुकाट्यानं जेवायला बसायचे आणि अम्मी त्यांना वाढायची.

मी बी.ए. झालेला, कवितेत रमलेला माणूस. शास्त्राची आणि माझी शाळेतच ताटातूट झाली. या प्रश्नाचं उत्तर घरात आणलं ते माझ्या धाकट्या लेकीनं. ती प्राणिशास्त्र शिकायला लागली आणि एका सुट्टीत तिनं आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं, "दादी, तुझंच बरोबर होतं. कोलंबी मासा नाही." आजी खूश होईल असं तिला वाटलं होतं. अम्मीनं लसूण सोलता सोलता नुसतं विचारलं, "ते मला ठाऊक आहे. मग ती कुणाची?"

कोकणात अनोळखी पोर वाटेत दिसलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न हाच विचारतात. "कुणाची गं तू?" नाव नंतर, आधी घर. घर कळलं की पोरीचा आजा, चुलते, मामा, सगळं गणगोत डोळ्यांपुढे उभं राहतं. अम्मीनं कोलंबीला तोच प्रश्न विचारला. पुढे लेकीच्या पुस्तकांतून मी जे थोडंफार वाचलं, त्यावरून माझ्या लक्षात आलं की जीवसृष्टीच्या वर्गीकरणाचा गेल्या अडीचशे वर्षांचा प्रवास म्हणजे एका प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे झालेला प्रवास आहे. "हे कसं दिसतं?" इथून माणूस निघाला आणि "हे कुणाचं?" इथवर आला. आज तुम्हाला तेवढंच सांगायचं आहे, आणि त्यासाठी मासेवालीची पाटी पुरेशी आहे.

त्या पाटीत काय काय असतं? पापलेट, बांगडा, सुरमई. एखादी मुशी. कोलंबी आणि खेकडे. तिसऱ्या, कालवं, कधी माकूल. आपल्या दृष्टीनं ही सगळी मासळी. पण नीट पाहिलं तर पाटीत तीन वेगवेगळी घराणी आहेत. पापलेट, बांगडा, सुरमई यांना आतून पाठीचा कणा आहे, मुशीला तो कुर्च्याचा आहे. कोलंबी आणि खेकडा यांना आत हाड नाही. त्यांचा सांगाडा बाहेर, कवचाच्या रूपात. पाय सांध्यासांध्यांचे, आणि अंग वाढलं की जुनं कवच टाकून नवं घ्यायचं. तिसऱ्या, कालवं आणि माकूल यांचं अंग मऊ. तिसऱ्यांनी आणि कालवांनी त्यावर दोन शिंपा मिटून घेतलेल्या, माकुळाचं कवच आत दडून पातळ काचेच्या पट्टीसारखं उरलेलं. शाळेच्या पुस्तकात या घराण्यांना 'संघ' म्हणतात. पहिला समपृष्ठरज्जू संघ, दुसरा संधिपाद संघ, तिसरा मृदुकाय संघ. नावं जड आहेत, पण अर्थ सोपा: पाठीशी रज्जू असलेले, सांधे असलेल्या पायांचे आणि मऊ अंगाचे.

अम्मी कोलंबीच्या पाठीतून जो काळा दोरा काढायची, ती खरं तर तिची आतडी. आणि तिची मुख्य मज्जारज्जू कुठे? पोटाच्या बाजूला. पापलेटात आणि आपल्यात हे बरोबर उलट असतं. आपली मज्जारज्जू पाठीच्या कण्यात आणि आतडी पोटात. म्हणजे कोलंबी आणि पापलेट यांच्यात फरक आहे तो आकाराचा किंवा चवीचा नाही. घर बांधण्याचा नकाशाच वेगळा आहे. संघ म्हणजे ढोबळमानानं शरीराचा असा एक जुना नकाशा, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. प्राण्यांत असे तीस-पस्तीस संघ शास्त्रज्ञ मानतात. त्यातला संधिपादांचा संघ सगळ्यांत मोठा. आजवर नोंद झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी बहुसंख्य जाती एकट्या याच संघात आहेत, कारण सगळे कीटकही त्यातच येतात.

हे सगळं माणसाला एका दिवसात कळलं नाही. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनं प्राण्यांचे दोन भाग केले होते, तांबडं रक्त असलेले आणि नसलेले. डॉल्फिन आणि देवमासे हवेत श्वास घेतात, पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात, हे त्यानं नोंदवून ठेवलं होतं आणि त्यांना माशांपासून वेगळं काढलं होतं. आपल्या भाषेनं मात्र त्या प्राण्याला 'देवमासा' असंच नाव दिलं. भाषेला जे दिसतं ते ती म्हणते. तिचा तो दोष नाही.

पुढे स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७३५ मध्ये सगळ्या सृष्टीची यादी करायला घेतली. प्रत्येक जिवाला दोन लॅटिन शब्दांचं नाव देण्याची पद्धत त्यानं रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यानं ती सगळ्या प्राण्यांना लावली. पहिल्या आवृत्तीत त्यानं देवमाशाला माशांत घातलं होतं. दहाव्या आवृत्तीत तिथून उचलून सस्तन प्राण्यांत ठेवलं. चूक कळल्यावर खण बदलायची या विद्येची रीत तेव्हापासूनची. आणि कोलंबी? लिनियसनं कोलंबी आणि खेकडा यांना चक्क कीटकांच्या वर्गात बसवलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

लिनियसची मांडणी टपालाच्या पत्त्यासारखी होती. घर, आळी, गाव, तालुका, जिल्हा, राज्य. तशी इथे जाती, प्रजाती, गण, वर्ग, सृष्टी. कुल आणि संघ या पायऱ्या नंतर आल्या. आज बाजारात टायगर म्हणून मिळणाऱ्या मोठ्या कोलंबीचा पत्ता लिहायचा तर तो असा होईल: प्राण्यांची सृष्टी, संधिपाद संघ, त्यातला कवचधारी जिवांचा गोतावळा, दहा पायांचा दशपाद गण, पिनिइडी कुल, पिनियस प्रजाती, मोनोडॉन जाती. खेकड्याचा पत्ता दशपाद गणापर्यंत हाच. गण एक, कुल निराळं.

पण पत्ता आणि नातं यांत फरक असतो. एका आळीत राहणारे सगळे एकमेकांचे भाऊबंद नसतात. लिनियसचे खण दिसण्यावरून पाडलेले होते. कुणाशीच न जुळणाऱ्या जिवांसाठी त्यानं 'कृमी' नावाचा वर्ग ठेवला होता. गांडूळ, शिंपले, तारामासा, माकूल, सगळे त्यात. घरात एक फडताळ असतं ना, ज्यात कुठेच न मावणारं सगळं कोंबलेलं असतं, तसा तो वर्ग.

दिसण्यावर विसंबलं की कसं फसायला होतं, याचं उदाहरण आमच्या किनाऱ्यावर पायाखाली असतं. ओहोटीला खडकांवर चालावं तर पांढरट, धारदार, छोट्या ज्वालामुखीसारखे सुळके तळव्यांना कापतात. होड्यांच्या बुडालाही ते चिकटून बसतात. इंग्रजीत त्यांना बार्नेकल म्हणतात. कठीण कवच, आत मऊ जीव, जागचा न हलणारा. कुणालाही वाटेल, हा शिंपल्यांचाच भाऊ. फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हियेलाही तसंच वाटलं. १८१२ मध्ये त्यानं शरीराच्या आतल्या रचनेवरून सगळ्या प्राण्यांच्या चार मोठ्या शाखा केल्या: कणा असलेले, मऊ अंगाचे, वलयांचे आणि ताऱ्यासारख्या मांडणीचे. आजच्या संघांचे हे पूर्वज म्हणता येतील. एवढा मोठा शरीरशास्त्रज्ञ, पण बार्नेकल त्यानं मऊ अंगाच्या शाखेत टाकलं.

मग आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉमसन नावाच्या लष्करी डॉक्टरनं समुद्राच्या पाण्यात पोहणारे बारीक जीव पकडून काचेच्या भांड्यात ठेवले. सांध्यांचे पाय असलेली, कोलंबीच्या पिलांच्या वळणाची ती पिलं. काही दिवसांनी ती भांड्याच्या काचेला चिकटली, पोहणं सोडून दिलं आणि त्यांची बार्नेकल झाली. १८३० मध्ये त्यानं हे छापलं. म्हणजे हा जीव शिंपल्याचा कुणीच नाही. तो कोलंबी-खेकड्यांच्या गोतातला. लहानपणी हिंडणारा, मोठेपणी डोक्याच्या बाजूनं खडकाला चिकटून बसणारा आणि पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातलं अन्न तोंडाकडे ओढणारा. मोठेपणीचा वेष काहीही असो, बाळपणानं घर सांगितलं.

या जिवावर पुढे एका माणसानं आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४. तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. जगभरातून त्यानं बार्नेकल मागवले, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिरून पाहिला. एका जातीतून दुसरी जात कशी वेगळी होत जाते, याची खात्री त्याला या कामात पटत गेली. १८५९ मध्ये त्याचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ निघाला. त्या जाडजूड ग्रंथात आकृती एकच आहे: एकाची दोन, दोनाची चार अशा फाटत जाणाऱ्या रेषांची. ती वंशावळ आहे. खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळ, हे डार्विननं सांगितलं आणि प्रश्नच बदलला. आता "तू कशी दिसतेस" हे विचारायचं ते फक्त "तू कुणाची" हे कळावं म्हणून.

सात वर्षांनी, १८६६ मध्ये, जर्मनीच्या एर्न्स्ट हेकेलनं या मोठ्या घराण्यांना 'फायलम' हे नाव दिलं. ज्या ग्रीक शब्दावरून त्यानं ते घेतलं त्याचा अर्थ वंश, जमात, कूळ असा आहे. आपल्याकडे त्याचं 'संघ' झालं. शब्दांत वावरणारा माणूस म्हणून मला याची थोडी रुखरुख वाटते. संघ म्हटलं की सभासद आणि वर्गणी डोळ्यांपुढे येते. संघात माणूस आपणहून जातो, वंशात तो जन्मतो. मूळ शब्दात रक्ताचं नातं होतं.

नातं शोधायला निघालं की नको ते पाहुणेही दारात उभे राहतात. १८६६ मध्येच रशियाच्या अलेक्झांडर कोवालेव्हस्कीनं समुद्रात खडकाला चिकटून राहणाऱ्या, पिशवीसारख्या एका जिवाची पिलं पाहिली. इंग्रजीत त्याला समुद्रपिचकारी अशा अर्थाचं नाव आहे, कारण दाबलं की पाणी उडवतो. तोवर लोक त्याला शिंपल्यांच्या जवळचा समजत. पण त्याच्या पिलाला शेपूट होती, आणि शेपटीत पाठीच्या बाजूनं तोच रज्जू होता जो माशांच्या आणि माणसांच्या गर्भात असतो. मोठा झाल्यावर तो शेपूट गमावतो आणि पिशवी होऊन बसतो. म्हणजे खडकावरची ती मुकी पिशवी आपल्या संघातली. कोलंबीला डोळे आहेत, पाय आहेत, ती पळते, तरी ती आपली लांबची. ही पिशवी जवळची.

तारामाशाचंही तेच. नावात मासा, पण मासा नाही. त्याचा संघ कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीचे. मात्र गर्भ वाढू लागतो तेव्हा त्याला जी पहिली खाच पडते, तिचं तारामाशात आणि आपल्यात गुदद्वार होतं, तोंड नंतर दुसरीकडे फुटतं. या आणि अशा खुणांवरून, आणि पुढे जनुकांवरून, असं ठरलं की कंटकचर्मी आणि समपृष्ठरज्जू हे दोन संघ एका मोठ्या शाखेतले, आणि संधिपाद, मृदुकाय, गांडुळांसारखे वलयी हे दुसऱ्या मोठ्या शाखेतले. दोन्ही शाखा पन्नास कोटी वर्षांहूनही आधी वेगळ्या झाल्या. संघांच्या वर असे आणखी मोठे गोतावळे आहेत.

त्याहून मोठा प्रश्न सृष्टींचा. फार काळ दोनच सृष्टी मानल्या जात, वनस्पती आणि प्राणी. हेकेलनं सूक्ष्म जिवांसाठी तिसरी काढली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट व्हिटेकरनं पाच केल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत याच पाच घोकल्या आहेत. यात अळंबी वनस्पतींतून बाहेर पडली, कारण ती सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करत नाही. पुढे जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा कळलं की अळंबी भेंडीपेक्षा आपल्याला जवळची आहे. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. कोलंबीच्या टरफलातही तोच. म्हणून उद्या कुणी अळंबीला मांसाहारी म्हणणार का? नाही. भाजीवालीकडे ती भाजीच राहणार, आणि तिथे ते बरोबर आहे.

दिसण्यावरून नातं ओळखायचं तर ज्यांना दिसणंच नाही त्यांचं काय? सूक्ष्मजीव बहुतेक गोल नाही तर काडीसारखे. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या कार्ल वोज यांनी त्यावर उपाय शोधला. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं बनवणारा एक बारीक कारखाना असतो, रायबोसोम. बॅक्टेरिया असो, आंबा असो की माणूस, तो सगळ्यांकडे आहे. त्यातल्या आरएनएच्या रेणूची अक्षरं जुळवून पाहायची. जितकी अक्षरं जुळली तितकं नातं जवळचं. जुन्या हस्तलिखिताच्या दोन प्रती एका घरच्या आहेत का, हे नकलताना झालेल्या चुकांवरून ओळखतात, तसंच हे. १९७७ मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केलं की मिथेन वायू तयार करणारे काही सूक्ष्मजीव दिसायला बॅक्टेरियासारखे असले तरी ते बॅक्टेरिया नाहीत. ते वेगळंच घराणं आहे. त्याला आर्किया म्हणतात. १९९० मध्ये सृष्टींच्याही वर तीन अधिक्षेत्रं मांडली गेली: बॅक्टेरिया, आर्किया आणि पेशीत केंद्रक असलेले. झाडं, अळंबी, कोलंबी, माणूस, आपण सगळे तिसऱ्यात.

तेही शेवटचं नाही. २०१५ मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंड यांच्या मधल्या समुद्रतळाच्या गाळात आर्कियांचा असा एक गट सापडला की ज्याची काही जनुकं आपल्यासारख्यांच्या जनुकांशी जुळतात. त्यावरून आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात की केंद्रक असलेले आपण सगळे आर्कियांच्याच एका फांदीतून निघालो. म्हणजे तीन नव्हे, मूळ घरं दोनच.

आता कोलंबीकडे परत येऊ. जनुकं वाचल्यावर असं दिसलं की कीटक हे कवचधारी जिवांपासून वेगळे नाहीत. ते त्यांच्यातलीच एक शाखा आहेत, जी फार पूर्वी जमिनीवर आली. नाकतोडा, मुंगी, झुरळ, टोळ ही सगळी कोलंबीच्या गोतातली माणसं. लिनियसनं कोलंबीला कीटकांत घातलं, ते चुकीचं कारण धरून, पण अगदीच भलतीकडे नव्हे. खरं उलट आहे. कीटकच कोलंबीच्या गोतात आहेत.

आणि मासा? ज्या शब्दावरून आमच्या घरात एवढी चर्चा झाली, त्याचं काय? वंशावळीच्या हिशेबानं 'मासा' नावाचं एक घराणंच नाही. पापलेट हे मुशीपेक्षा आपल्याला जवळचं आहे, कारण त्याचा आणि आपला हाडांचा सांगाडा एका पूर्वजाकडून आला आणि मुशीची फांदी त्याआधीच फुटली होती. फुप्फुसानं श्वास घेणारे काही मासे आजही ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. ते पापलेटापेक्षा गाईला जवळचे. तेव्हा मासा म्हणजे एक घराणं म्हणायचं झालं तर त्यात बेडूक, चिमणी, गाय आणि तुम्ही-आम्ही सगळे घ्यावे लागतील. ते नको असेल तर मासा हा वंश नव्हे. मासा ही पाण्यात राहण्याची एक तऱ्हा आहे.

मग पन्नास वर्षं अम्मीनं जो प्रश्न पाळला तो चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एक खटला चालला. माशांच्या तेलाची सरकारी तपासणी झाली पाहिजे असा तिथे कायदा होता. सॅम्युअल जड नावाच्या व्यापाऱ्यानं देवमाशाच्या तेलाची तीन पिंपं तपासणीविना घेतली, म्हणून तपासनीस जेम्स मॉरिसनं दंडाचा दावा लावला. प्रश्न उभा राहिला: देवमासा हा मासा आहे का? सॅम्युअल मिचिल या नामवंत निसर्गतज्ज्ञानं साक्ष दिली की नाही, तो सस्तन प्राणी आहे. ज्यूरीनं निकाल दिला की आहे, मासाच आहे. तेव्हाही लोक हसले असतील. पण ज्यूरीपुढे वंशावळीचा प्रश्न नव्हता. कायद्यात 'मासा' हा शब्द लिहिताना लोकांच्या मनात काय होतं, हा होता. नंतर कायदाच दुरुस्त करून देवमाशाचं तेल त्यातून वगळलं.

अलीकडचं उदाहरण २०२२ चं. कॅलिफोर्नियात संकटात सापडलेल्या जातींना संरक्षण देणारा कायदा आहे. त्यात पक्षी, सस्तन प्राणी, मासे यांची नावं आहेत, पण कीटकांचं नाव नाही. मात्र तिथल्या कायद्यातली माशाची जुनी व्याख्या एवढी ऐसपैस आहे की तिच्यात पाठीचा कणा नसलेले जीवही येतात. अपील कोर्टानं निकाल दिला की त्या व्याख्येप्रमाणे गुंजारव करणाऱ्या भुंग्यासारख्या मधमाशांनाही संरक्षण देता येईल. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की कोर्टानं मधमाशीला मासा ठरवलं. त्यामुळे मधमाशी वाचत असेल तर मला त्या मथळ्याचं काही वाटत नाही.

कायदा, धर्म, स्वयंपाकघर आणि बाजार यांना आपापल्या कामासाठी खण लागतात. जीवशास्त्राला नातं लागतं. एकाच्या उत्तरानं दुसऱ्याला खोटं पाडायला गेलं की भांडण सुरू होतं. अब्बांचं "बाजारात मिळते म्हणून मासा" हे बाजाराचं उत्तर होतं, लेकीचं "मासा नाही" हे पुस्तकाचं. आणि अम्मीनं विचारलं, "कुणाची?" त्या प्रश्नाला मात्र फक्त पुस्तकच उत्तर देऊ शकत होतं.

त्या सुट्टीत लेकीनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर फांद्या काढून आजीला समजावलं. ही कोलंबी, हा तिचा भाऊ खेकडा, हे खडकावरचं बार्नेकल, आणि ही इकडे जमिनीवर गेलेली चुलत भावंडं: झुरळ, मुंगी, टोळ. अम्मी चष्मा सरसावून बघत होती. टोळाशी तिचं बोट थांबलं.

"टोळ?"

"हो दादी."

अम्मी हसायलाच लागली. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या धर्मात कीटक वर्ज्य, पण टोळ चालतो. त्यावर हनफी, शाफई कुणाचाच वाद नाही. "म्हणजे बाई, मासा म्हणून चालत नव्हती ती टोळाची बहीण म्हणून चालली असती," ती म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अब्बा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना फार आनंद झाला असता.

लेकीनं विचारलं, "मग आज खाणार?"

"छे गं," अम्मी म्हणाली. "नातं तुझ्या पुस्तकातलं. नेम माझ्या माहेरचा." आणि तिनं उरलेला लसूण पुढे ओढला.

अम्मीला जाऊन आता काही वर्षं झाली. घरात कोलंबी अजून येते. लेक साफ करते आणि काळा दोरा काढताना दर वेळी सांगते की ही आतडी आहे. तिला कोलंबी चालते, ती मजेत खाते. तरी कालवणाला उकळी फुटली की तीही मलाच हाक मारते, "अब्बा, मीठ बघून जा."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)